फळीची रुंदी

सोनवणे मास्तर खिशात मोजपट्टी असल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. कोल्हारच्या स्टँडवरच्या हॉटेलात शिरण्याआधी ते हॉटेलचं दार मोजत. एसटीची पायरी, देवळाचा उंबरा, दवाखान्याचा संडास, काही म्हणून सोडत नसत. "सव्वीस इंच. वाया गेलं," असं पुटपुटत आणि मगच चहा मागवत.

मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्तीनंतर डोक्यात समुद्र शिरला. प्रवरेकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्राचं काय? पण कोकणात किनाऱ्यावर व्हॉलीबॉलच्या मोठ्या स्पर्धा भरणार, हे पेपरात वाचल्यापासून मास्तर थांबेनात.

"सामने चार दिवसांचे, पन गाव वर्षभर जेवतं," ते सांगत. "रस्ता व्हतो, राहायच्या खोल्या व्हतात, तिथल्या नाचगान्याला मानसं मिळतात. लई मोठी गोष्ट हाय ही!"

एकदा आम्हा शेजाऱ्यांसमोर त्यांनी आयोजकांना फोन लावला. "वाळूवर फळ्यांची वाट टाकनार म्हंता. किती रुंद?"

"काका, तुम्ही खेळाडू आहात का?"

"न्हाई, प्रेक्षक. रुंदी सांगा."

पलीकडून फोन ठेवला गेला. आम्ही पोट धरून हसलो. मास्तरांनी पुन्हा लावला. सातव्या फोनला उत्तर मिळालं.

शेवटी त्यांनी जीप ठरवली. आम्ही पाच शेजारी मासे खायला मिळतील म्हणून तयार झालो. निघायच्या सकाळी मास्तरांनी आपल्या बायकोला, इंदूकाकूंना, उचलून आणून जीपमध्ये बसवलं आणि टपावर चाकाची खुर्ची बांधली. काकूंना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. त्यांचं माहेर त्याच किनाऱ्यावरचं. हे सगळं आम्हाला माहीत होतं आणि तरीही त्या मोजपट्टीचा अर्थ आमच्यापैकी एकालाही लागला नव्हता.

किनाऱ्यावर जत्रा होती. ढोल, दशावताराचा मांडव, सोलकढीच्या गाड्या. मास्तरांनी मैदानाकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची फळ्यांवरून अलगद चालली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सुटत होती.

मैदानापाशी फळ्या संपल्या. पाणी अजून पन्नास-साठ पावलं लांब.

"काका, वाट इथपर्यंतच," तिथला स्वयंसेवक म्हणाला. "खेळाडूंसाठी आहे ती."

मास्तरांनी खुर्ची वाळूत ढकलली. चाकं रुतली. आम्ही उचलायला पुढे झालो, तर काकू घाबरून ओरडल्या. त्यांना धक्का सोसेना.

मग मास्तर एकटेच पाण्याकडे गेले. ओंजळ भरून आणली, पोहोचेपर्यंत निम्मी गळाली. उरलेली काकूंच्या पायांवर सोडली. पुन्हा गेले. असे किती वेळा गेले, मी मोजलं नाही. धोतर मांड्यांपर्यंत भिजलं होतं. काकूंनी चांगला हात पुढे केला, ओली बोटं ओठांना लावली.

"खारट," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

परतताना घाटात ड्रायव्हरनं विचारलं, "मास्तर, मॅच कशी झाली?"

मास्तर रंगात येऊन सांगू लागले. कोण जिंकलं, शेवटचा पॉइंट कुणी मारला, सगळं चुकीचं. शेजारी काकू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होत्या. आम्ही कुणीही त्यांची चूक काढली नाही.