स्वल्पविरामाचा निरोप

“उद्या अशी रडून दाखवते, की अख्खा छापखाना पोहत घरी जाईल!” ताईंनी नवऱ्याला बजावलं.

ताई छापखान्यात मुद्रितशोधक. लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात जन्म गेलेला. त्यांचे साहेब उद्या निवृत्त होणार होते. साहेब बोलायला लागले की पूर्णविराम म्हणून येत नसे. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना ‘स्वल्पविराम’ म्हणत. त्यांची खुर्ची ताईंनाच मिळायची होती. पण मालकांनी मेख मारली: “हुशार आहेत हो, पण कोरड्या! कुणी आलं काय, गेलं काय, डोळ्यांत टिपूस नाही. असल्या बाईच्या हाताखाली माणसं टिकतील?”

कोरड्या! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, आजारच तो! शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरच्याच, अश्रू-लाळेच्या नळांवर लाठ्या घेऊन धावलेले. डोळ्यांत वाळू, तोंडात वाळवंट! मालकांना हे सांगितलं तर म्हणाले, “पाणी पीत जा.”

“कृत्रिम अश्रूंची बाटली आहे ना?” नवरा म्हणाला. “एकेक थेंब घाल.”

“एकेक? खुर्चीचा प्रश्न आहे!”

निरोपसमारंभात स्वल्पविराम बोलत सुटले आणि पुढ्यातला पाण्याचा अख्खा जग एकट्याने संपवला. तेवढ्यात ताईंनी टेबलाखाली वाकून बाटली डोळ्यांत उपडी केली आणि त्या बोलायला उभ्या राहिल्या. गालांवरून नुसत्या धारा!

“आयला, दगडाला पाझर!” बाइंडर पुटपुटला. मालकांनी रुमाल काढला.

ताईंनी वाक्य घोकून ठेवलं होतं: ‘सर, थांबा असं म्हणण्याचा स्वार्थीपणा आम्ही करणार नाही.’

“सर, थांबा...” आणि जीभ टाळूला चिकटली! पाण्यासाठी त्यांनी साहेबांपुढच्या जगाकडे हात पसरला. जग ठणठणीत रिकामा. हात तसाच पसरलेला.

“थांबा...”

साहेबांना गहिवरून आलं. “इतकी माया, मला कळलीच नाही, मालक, या बाईसाठी तरी, म्हणजे, अजून दोन वर्षं, फार तर तीन, तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा,”

“मंजूर!” मालक हुंदका देत ओरडले. “ताई, चुकलो हो! तुम्ही कसल्या कोरड्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येऊन ताईंनी पर्स आपटली. “मेल्याने पाणीही ढोसलं आणि खुर्चीही!”

“जाऊ दे गं,” नवरा म्हणाला. “एकदा मोकळेपणाने रडून घे, बरं वाटेल.”

ताईंनी पर्समधली बाटली काढून हलवून पाहिली.

“कशाने रडू? संपली!”