समुद्रसर्पाचा पंचनामा

केडगावात आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहतात. तलाठ्याला गावोगाव 'भाऊसाहेब' म्हणतात, म्हणून तेही भाऊसाहेबच. जगात आजवर ज्यांना ज्यांना समुद्रसर्प दिसला, त्या सगळ्यांचे त्यांनी घरबसल्या पंचनामे केले आहेत. नगर जिल्ह्याला समुद्र नाही, ही अडचण त्यांनी विचारातच घेतलेली नाही.

मोबाईलवर अशी एखादी हकिगत सापडली, की ते चष्मा पुसून तिची छाननी करतात. नॉर्वेच्या खलाशांना म्हणे घोड्यासारखी आयाळ असलेला सर्प दिसायचा. भाऊसाहेबांनी विचारलं, "पंच कोन हुते? सगळे एकाच बोटीतले! म्हंजे भावकीच की. नामंजूर." कुणा कप्तानानं सर्पाची लांबी साठ फूट कळवली होती. "मोजनी कुनी केली? साखळी कुठंय?" तोही नामंजूर. त्यांच्या स्वतःच्या नमुन्यात मात्र सर्पाची चतुःसीमासुद्धा असते. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस फिर्यादीची बोट.

"भाऊसाहेब, साप म्हणजे काय शेत आहे का?" मी एकदा विचारलं.

"शेत जागेवर ऱ्हातं. हलनाऱ्याची हद्द आधी लिहावी लागती," ते म्हणाले.

त्यांच्या मते जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात, प्रवरासंगमाजवळ, असा एक सर्प आहे. "समुद्रातनं गोदावरीत घुसला, वर वर आला. तेवढ्यात खाली धरन झालं. आता माघारी जायाचं कसं? अडाकलाय गडी." तो एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच त्यांची इच्छा. त्यासाठी दर रविवारी एसटीनं जायचं आणि होडीतून एक फेरी मारायची. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडतो. गुडघे तर रोजच ओरडतात.

गेल्या महिन्यात गुडघ्यांनी फारच मनावर घेतलं, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. घोडेगावला चहा झाला. होडी मध्यावर आली आणि भाऊसाहेब गुडघे विसरून उभे राहिले. समोर पाण्यावर काळं, लांबलचक काहीतरी डुलत होतं. मीही होडीची कड घट्ट धरली.

"बसा खाली, बुडवाल समद्यांना," होडीवाला म्हणाला. "पाईप हाय त्यो. शेतकऱ्याच्या मोटारीचा."

भाऊसाहेब बसले. कागद काढून त्यांनी लिहिलं, 'काळा पाईप. सर्प नव्हे.' त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी म्हणालो, "सर्पच लिहा हो. मी पंच म्हणून सही करतो. इथं कोण तपासायला येतंय?"

त्यांचा पारा चढला. "उभ्या नोकरीत खोटा पंचनामा केला न्हाई! आन् ती खरं बोलली, हे खोट्या कागदावर लिहू व्हय?"

"ती कोण?"

ते पाण्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "तुमची काकू. हितंच, होडीत. मी फोनवर बोलत हुतो. ती म्हनली, 'अहो, बघा तरी, केवढा साप!' मी मान वर केली न्हाई. म्हनलं, तुला कायबी दिसतं. घरापत्तुर बोलली न्हाई ती. म्हैन्याभरात गेलीच."

इतके दिवस मी या माणसाच्या नकला करून चहाच्या टपरीवर लोकांना हसवत होतो. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात दूरवर पाणी हललं. काय होतं ते मला नीट दिसलंही नाही, पण मी ओरडलो, "अहो भाऊसाहेब, ते बघा!"

हातातले कागद होडीत टाकून त्यांनी झटकन मान वर केली.

पाणकावळा होता. त्यानं डोकं काढलं आणि पुन्हा बुडी मारली. भाऊसाहेबांना पाणकावळा ओळखू येतो. तरी ते कितीतरी वेळ तिकडंच बघत राहिले. मी होडीवाल्याला खुणेनं सांगितलं, थांब जरा.