वेळेला चालंल का?

शिवलिंगप्पा अण्णांनी एकदा मला विहिरीत उतरवलं. माझ्या हातात एक वॉकीटॉकी दिली, दुसरी घेऊन स्वतः काठावर उभे राहिले आणि ओरडले, "आवाज आला का रे?"

"आला अण्णा. पण यंत्रातून न्हाई, वरून आला."

"मग कामाचं न्हाई!" यंत्र नापास.

आळंदला अण्णा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. जन्मभर भूगोल शिकवला, हिमालय नकाशावर छडीनं दाखवला. रिटायर झाल्यावर तो खरा बघायचं ठरवलं, तेही फोनची रेंज पोचत नाही अशा स्पितीच्या खोऱ्यात. पण आधी संकटात निरोप धाडणारं भरवशाचं यंत्र पाहिजे. ते काही पसंत पडेना, म्हणून हिमालय दरसाल पुढं.

फोन त्यांनी ज्वारीच्या पोत्यात पुरून बघितला, बादलीत बुडवून बघितला. शिट्टी गच्चीवरून फुंकली, तर समोरच्या रेवम्माची म्हैस दावं तोडून पळाली. "ही पास," अण्णा म्हणाले. रेवम्मा खालून ओरडली, "अण्णा, म्हशीला हिमालयात धाडायलाव का?"

कुकर असो, रिक्षा असो की डॉक्टर, अण्णांचा प्रश्न एकच: "वेळेला चालंल का?" माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाकडं बघत त्यांनी हेच विचारलं. चांगलं मोठ्यानं.

फोनची चाचणी तर रोजची. चहाच्या वेळी माझा फोन वाजायचा. "टेस्टिंग. काय करायलास?" तोच आवाज आधी भिंतीतून यायचा, मग फोनमधून. आता लपवत नाही: पुढंपुढं मी फोन पालथा घालू लागलो. तो वाजून वाजून थांबायचा. मग भिंतीपलीकडंही शांत. संध्याकाळी अण्णा म्हणायचे, "तुझा फोन खराब दिसतोय." मी मान हलवायचो.

यंदा त्यांच्याबरोबर कलबुर्गीला गेलो. पहाडी सहली नेणाऱ्या एका ऑफिसात, रीतसर परवानगी असलेलं, उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र भाड्यानं मिळत होतं. काउंटरवरच्या मुलीनं सगळं दाखवलं. थंडीत चालतं, पाण्यात चालतं. अण्णांनी तिला न विचारता ते फरशीवर आपटलं. तरी चाललं. अण्णा खुलले.

"लाल बटण दाबलं की निरोप जातो, अज्जा," मुलगी म्हणाली. "बचाव पथकाला, आणि घरच्या एका माणसाला. घरचा नंबर सांगा."

अण्णांनी यंत्र उलटंपालटं केलं. "बटण लई घट्ट हाय. चल रे."

ते उठले आणि माझ्या ध्यानात आलं. मागच्या दुकानातही ते घरच्या नंबरापाशीच उठले होते. त्याच्या आधीच्याही. त्यांची बायको, आमची अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

"माझा नंबर घाला," मी मुलीला म्हटलं.

अण्णा दारातून वळले. "तुझा?"

"व्हय."

"तू तर साधा फोन उचलत न्हाईस."

म्हणजे त्यांना माहीत होतं. "आता उचलीन," एवढंच म्हणालो.

नवं यंत्र बघावं तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघू. टेस्टिंग करावं लागंल."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला. मीच आधी विचारलं.

"अण्णा? आवाज आला का?"

घसा खाकरल्याचा आवाज आधी भिंतीतून आला, मग फोनमधून.

"आला," अण्णा म्हणाले. "ते बटण तितकं घट्ट न्हाई रे."