हकीकत चारुशीलाबाईंची आणि खंडेनवमीच्या हाराची

श्री. जो चाकें फिरवितो आणि वेळ येतां थांबवितोही, त्यास प्रथम नमन. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, मंगळवार, या दिवशीं एका दौलतींत जें घडलें तें कोणाची भीड न धरितां लिहितों. दौलतीचें नांव मात्र विचारूं नये. लिहिणारानें तेथेंच उमर घालविली आहे आणि त्याचा पुतण्या अद्याप तेथेंच चाकरीस आहे.

दौलत दुचाकी गाड्या करणारी, मुलूख चार राज्यांत पसरलेला, कामकरी नऊ हजार, कचेरी सात मजल्यांची आणि सातव्या मजल्यावर गादी. थोरले धनी निवर्तले, पुत्र परदेशीं रमले, मग संचालक मंडळींनीं मसलत करून चारुशीलाबाई शेणोलीकर यांस गादीवर बसविलें. बसविलें हें आपलें म्हणावयाचें; बाई बसत म्हणून नसत. सकाळीं आठास येत, चहा उभ्यानें घेत, आणि मसलतीस सारे सरदार बसले असतां आपण खोलींत येरझारा घालीत, तेणेंकरून सरदारांच्या माना इकडून तिकडे फिरून अवघडत. लोक म्हणत, बाईंच्या पायांस भिंगरी आहे. आणि तें खरेंच होतें. बाई मूळच्या चाचणीखात्यांतल्या. पंचविसाव्या वर्षीं तेथें लागल्या, तेव्हां त्या खात्यांत बायकांस हात धुवावयासही निराळी जागा नव्हती. ओल्या उतारावरून गाडी सोडून ब्रेक पाहणें हें काम पुरुष टाळीत, तें बाईंनीं मागून घेतलें, आणि मग खात्याच्या प्रमुख जाहल्या, आणि मग कारखान्याच्या, आणि मग तीन महिने चाललेला संप बोलून मिटविला, आणि ऐसें करीत करीत वरच्या मजल्यास पोंचल्या. पोंचल्या तरी जीव खालींच असे.

गादीस सातवें वर्ष लागलें आणि बाईंनीं विजेवर चालणारी गाडी काढावयाचें मनांत घेतलें. दोन दसरे हुकले. मंडळींनीं निक्षून सांगितलें, या दसऱ्यास गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं न पडे तर गादी विक्रांतराव मोहोळकरांस. विक्रांतराव हे दुय्यम; गोड बोलावें, कोणास दुखवूं नये आणि वाट पाहावी, ही त्यांची विद्या. मग बाईंनीं जिवाचें रान केलें आणि अकरा हजार गाड्या गांवोगांवच्या दुकानीं पोंचविल्या. मात्र ब्रेकांतली एक रबरी वाटी शेवटीं बदलली होती. नव्या वाटीनिशीं ओल्या उतारावर तीन वेळां गाडी सोडून पाहावी, ऐसा बाईंचा हुकूम. परंतु उताराची डागडुजी चालली होती ती अष्टमीस पुरी जाहली, म्हणोन चाचणीस नवमीचा दिवस नेमिला. नवमीस दुपारीं सातव्या मजल्यावर कागद आला, त्यावर लिहिलें, तीनही वेळां उत्तम. बाईंनीं वाचिला आणि सही केली.

दसऱ्यास कारखान्याच्या पटांगणांत मांडव घातला, सनई लाविली, मंत्रीमहोदय दहास यावयाचे, आणि दहाच्याच मुहूर्तावर दुकानोदुकानीं अकरा हजार गिऱ्हाइकांच्या हातीं किल्ल्या पडावयाच्या. बाई पैठणी नेसून सातासच हजर. मांडवांत दोन फेऱ्या घातल्या, चार जणांस उगाच बोलल्या, आणि मग जीव राहीना म्हणोन चाचणीखात्यांत गेल्या. तेथें लवेकर मास्तर एकटेच होते. हे त्या खात्याचे जुने जाणते, बाईंहून चार वर्षांनीं धाकटे, बाईंच्याच हाताखालीं शिकलेले. चाचणीची गाडी मधोमध उभी.

"मास्तर, काल हीच सोडलीत ना उतारावर?"

"हो बाई. तीनदा. कागद पाठवलाय की वर."

बाई गाडीकडे पाहात राहिल्या. पुढल्या चाकाच्या आऱ्यांतून झेंडूचा हार ओंवून घातलेला, तो थेट भुईस टेकलेला आणि फूल एकही चुरडलें नाहीं. टायरावर कुंकवाचें बोट, तेंही कोरडें, जसेंच्या तसें.

"हा हार कधी घातलात?"

"अष्टमीला संध्याकाळी. नवमीला सकाळी पूजा असते ना."

"आणि काल गाडी तीनदा पळाली, आणि हार जागच्या जागी?"

मास्तरांनीं भिंतीकडे बोट केलें. भिंतीवर चौकटींत एक हुकूम लाविला होता, बारा वर्षांमागचा, कीं खंडेनवमीस पूजेस लाविलेल्या यंत्रास कोणीं हात लावूं नये. संप मिटला तेव्हां कामकऱ्यांच्या समाधानासाठीं तो बाईंनींच काढिला होता, आणि खालीं सही बाईंची.

"हाही तुमचाच हुकूम, बाई, आणि नवमीलाच चाचणी करा हाही तुमचाच. दोन्ही कसे पाळायचे? एक हातानं पाळला, एक कागदावर. वाटी जुन्याच मापाची आहे हो. मी आमच्या खात्याच्या साहेबांना म्हटलं, झालीच समजा. ते म्हणाले, समजलो, आणि कागद वर गेला."

येथें लिहिणारास बोलल्यावांचून राहवत नाहीं. झालेंच समजा, हा शब्द आमच्या मुलुखांत ज्यानें काढिला त्याचें वाटोळें होवो. बोलणारा समजतो कीं ऐकणारास उमगलें, ऐकणारा समजतो कीं काम जाहलें, आणि काम तेथेंच उभें. दोघेही खोटें बोलत नाहींत आणि दोघेही घरीं जाऊन सुखानें जेवतात.

बाईंस क्रोध आला तो कोणावर काढावा हें कळेना, कारण दोहों कागदांवर सही आपलीच. मग वांकून चाकास नमस्कार केला आणि हार काढून ठेविला.

"मी बसतो बाई, तुमची पैठणी..."

"तुम्ही काल बसायचं होतं, मास्तर. पाणी सोडा."

उतारावर पाणी सोडिलें. पहिल्यानें गाडी थांबली. दुसऱ्यानेंही थांबली. तिसऱ्यानें बाईंनीं ब्रेकाची मूठ आवळिली ती हातासरशी पुरती मिटली आणि गाडी थांबेचना, आणि खालच्या कठड्यावर आदळून बाई आडव्या पडल्या, डावें मनगट मोडलें. मास्तर धांवले तो बाई म्हणाल्या, "आधी लिहा. तिसऱ्यांदा थांबली नाही." मास्तर लिहिण्याऐवजीं रडूं लागले. म्हणाले, "बाई, माझी थोरली लेक दहा वाजता हीच गाडी घेतेय. घाटाखालच्या दुकानातून."

मग बाई चिखलानें भरलेल्या पैठणीनिशीं मांडवांत आल्या आणि म्हणाल्या, ओल्या उतारावर ब्रेक लागला नाहीं, किल्ल्या देऊं नका. विक्रांतराव पुढें जाहले आणि हळूच म्हणाले, "बाई, फक्त ओल्या उतारावरच ना? पावसाळा तर संपला."

"परतीचा पाऊस तुम्हांला विचारून येतो का?"

"मंत्री पाच मिनिटांत पोचतायत."

"त्यांना जेवायला वाढा."

मंडळींतले वडील संचालक म्हणाले, आज गाडी अडविलीत तर संध्याकाळीं गादी राहणार नाहीं. बाई म्हणाल्या, "मला कुठं बसता येतं?" आणि उजव्या हातानें ध्वनिक्षेपक घेऊन, दुकानोदुकानीं पडद्यावर सोहळा दिसत होता तेथवर, अवघ्या मुलुखास ऐकूं जाईल ऐसें बोलल्या, "गाडी आज मिळणार नाही. ब्रेकची चाचणी झाली नव्हती. चूक माझी." मास्तरांचें नांव घेतलें नाहीं, साहेबांचेंही नाहीं. गिऱ्हाइकें खवळलीं, मुहूर्त मोडला म्हणोन शिव्या दिधल्या, एका गांवीं दुकानाची कांच फुटली. संध्याकाळीं मंडळींनीं बाईंस दूर केलें. मास्तर चूक कबूल करावयास सातव्या मजल्यावर गेले, त्यांस कोणीं आंत घेतलें नाहीं. मग विक्रांतराव गादीवर बसले, आणि खरोखर बसले. वाट्या बदलल्या, तीन वेळां सोडून पाहिल्या, आणि दिवाळीच्या पाडव्यास गाड्या निघाल्या. ज्यानें त्यानें विक्रांतरावांची वाहवा केली, कीं बाईंनीं घातलेला घोळ यांनीं तीन आठवड्यांत निस्तरला.

एवंच, गाडी कोठें न थांबती आणि माणूस जाता, तर चौकशी बसती, बाईंचें नांव घरोघरीं होतें. तसें कांहीं जाहलें नाहीं, म्हणोन नांवही राहिलें नाहीं. राज्य केलें वर्षें सात. मनगट मोडलें एक. माणसें वांचलीं किती, तें वांचलेल्यांसही ठाऊक नाहीं.