मुजावर मॅडम आणि जांभळी कुसळं

आमच्या प्रयोगशाळेतल्या मुजावर मॅडम फ्रीजरचं दार उघडण्याआधी सगळ्यांना दम देतात. "काय बोलायचं ते आत्ता बोला. दार उघडल्यावर मला कुणी हाक मारायची न्हाय." मग आत हात घालून बोटाएवढी कुपी उचलतात आणि दार लावून टाकतात. तोवर आम्ही चौघं श्वास रोखून उभे. कोल्हापुरात एवढी शांतता दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

कुपीत असतं अझासायटिडीन. डीएनएच्या एका घटकाचा हा बनवलेला तोतया. पेशी फसते, त्याला खरा समजून आत घेते. मग जनुकांना गप्प बसवणाऱ्या रासायनिक खुणा पुसल्या जाऊ लागतात आणि एखादं मुकं जनुक कधीकधी बोलायला लागतं. मॅडमच्या भाषेत, "झोपलेल्याला हलवून उठवायचं औषध हाय हे."

त्यांना उठवायचं होतं ते भाताच्या रंगाचं जनुक. शाहूवाडीकडच्या त्यांच्या शेतात पूर्वी जांभळ्या कुसळांचा भात व्हायचा. हळूहळू कुसळं पांढरी पडली. विभागप्रमुखांनी दुसरा विषय सुचवला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, मी रंग बघितलाय. डोळ्यांनी बघितलेलं सोडून देतो व्हय?" कोल्हापूरच्या कितीतरी बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलतात.

या औषधाची एक खोड आहे. पाण्यात विरघळलं की काही तासांत त्याचा जोर ओसरतो. म्हणून मॅडम दर चार तासांनी ताजं द्रावण करून बियांवर घालायच्या. जेवताना गजर झाला तर हातातला घास डब्यात ठेवून उठायच्या. "दूध नासलं तर निदान वास येतोय. हे मेलं तरी पाण्यासारखंच दिसतंय," हे प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं जाई. मलाही ऐकवलं होतं.

तरी मी शहाणपणा केलाच. मॅडम तापाने घरी होत्या, म्हणून मदतीच्या उदात्त हेतूने मी त्यांच्या खणातली फ्रीजरची किल्ली काढून दोन दिवसांचं द्रावण एकदमच करून ठेवलं आणि त्यांचे साठ दाणे त्यात भिजवले. त्या आल्यावर अभिमानाने सांगितलंही. आता बॉम्ब फुटणार म्हणून दोन पावलं मागे सरलो. पण मॅडम नुसत्या खुर्चीत बसल्या. दाण्यांना कोंब फुटले होते, पण पुरेसं औषध न मिळताच. कोंब फुटायच्या आधीच औषध लागायचं असतं; ती वेळ गेली होती.

"सुतार, अब्बांच्या जुन्या भाताचं शेवटचं बी होतं ते. आता डबीत वीस दाणे राह्यलेत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाताच्या रंगाचं संशोधन करायचं म्हणून त्या शिकायला निघाल्या तेव्हा अब्बा चिडून म्हणाले होते, "भाताचा रंग परत आणून दाखव, मगच घरात पाऊल टाक." मॅडम म्हणाल्या, "मग मी बी गेलो न्हाय." तीन वर्षं. दर ईदला "घरनं आलाय" म्हणून जो शिरखुर्मा त्या आम्हाला खिलवत, तो त्या भाड्याच्या खोलीत एकट्याच करायच्या. माझी मलाच लाज वाटली.

उरलेल्या वीस दाण्यांना त्यांनी मला हात लावू दिला नाही. एकही गजर चुकवला नाही. रोपं गच्चीवरच्या कुंड्यांत वाढली, लोंब्या आल्या, पिकल्या. मॅडमनी एकेक लोंबी भिंगाखाली धरून पाहिली. सगळी कुसळं पांढरी.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा घरचा नंबर लावला. "अब्बा, जांभळं न्हाय आलं."

पलीकडून अब्बा म्हणाले, "न्हाय तर न्हाय. कुसळं काय खायाची असत्यात व्हय? मी रागात बोललो, आन् तू धरून बसलीस? कवा येतीस सांग."

  मॅडमनी ओढणीने तोंड पुसून लोंब्या खुडायला घेतल्या, दाणे डबीत भरले.

"ह्या नव्या बियांना सोमवारपासनं औषध चालू करायचं," त्या मला म्हणाल्या. "मी घरला जातो. चार-चार तासांनी ताजं. जमंल न्हवं?"

मी मान हलवली. त्यांनी फ्रीजरची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि एसटी स्टँडकडे निघाल्या.