निळ्या चौकोनाचा क्लेम

वानखडे काका चौकोनाची माफी मागतात. रोज, आणि मोठ्यानं. फोनमधल्या निळ्या चौकोनाच्या पाठीवर पिवळ्या चौकोनाची उडी पडली की काका कळवळतात, "माफ करा दादा, लागलं का?" आता त्या चौकोनाला नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय तर नाहीतच. पण काकांची विचारपूस आपली चालू.

यातली पहिली गुन्हेगार मी. जयपूरला मालवीय नगरात आमची इमारत आहे, लिफ्ट नसलेली. दुसऱ्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर काका. मूळचे अकोल्याकडचे, विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून रिटायर झालेले. इमारतीत मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं, त्यामुळे सकाळी सातला माझी बेल वाजणार हे ठरलेलं. "काय करून राहिल्या मॅडम?" मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सकाळी सातला मी पेपर तपासत असते नाहीतर डबा भरत असते, आणि हे सोफ्यावर बसून मला फुलकोबीचे भाव सांगणार.

जन्मभर लोकांचे क्लेम नामंजूर केल्यामुळे त्यांच्या तोंडी एकच वाक्य रुजलंय : "क्लेम बसत नाही." भाजीवाल्याची कोबी उलटीपालटी करून म्हणतील, "भैया, इसका क्लेम नहीं बैठता." कोपऱ्यावरच्या दुकानात कांद्याची कचोरी फोडून आत कांदा किती ते बघतील, मान हलवतील आणि मग दोन खातील. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. "क्लेम बसला नाही," म्हणाले.

तर यांचा वेळ कुठंतरी जावा म्हणून मीच त्यांच्या फोनवर एक गेम घालून दिला. अगदी साधा. पांढरा पडदा, काही काळ्या भिंती आणि दोन चौकोन. पिवळा टुणटुणीत, उंच उड्या मारणारा. निळा जाडा, त्याची उडी जेमतेम वीतभर. पण त्याच्या पाठीवर चढून पिवळा वर जातो. ना गोळीबार, ना आरडाओरडा. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. कसलं काय! काकांनी बारसंच केलं. पिवळा झाला बाबू आणि निळा दादा. बाबूला अरेतुरे, दादांना अहोजाहो. माझी बेल काही थांबली नाही, उलट आता सोफ्यावरून "दादा, सरका जरा... बाबू, हळू ना बे!" असा आणखी दोघांचा संसार माझ्या गळ्यात पडला.

मग एका लेव्हलला गाडी अडली. दार खूप उंचावर. दादांच्या पाठीवरून बाबू वर पोचतो, पण दादांना वर घ्यायला वाटच नाही. बाबू दारातून गेला की लेव्हल संपली, असा तिथला नियम. काका बाबूला दारापर्यंत नेत आणि परत खाली आणत. "एकाला खाली ठेवून पास? क्लेम बसत नाही." तीन आठवडे हा माणूस निळ्याला घेऊन भिंतींना धडका देत होता.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. काका चहा घेत होते तेवढ्यात मी फोन उचलला, निळ्याला भिंतीशी उभा केला आणि पिवळ्याला टुणकन दारातून घालवला. "घ्या, झाली तुमची लेव्हल!" म्हणून फोन त्यांच्यापुढे नाचवला. पुढची लेव्हल उघडली होती. तिथं पिवळा एकटाच उभा.

"दादा कुठं गेले?" काकांनी विचारलं.

"राहिले खाली. गेमच तसा आहे हो!"

अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले आणि वर निघून गेले.

सोमवारी सातला बेल वाजली नाही. मंगळवारीही नाही. जिच्या नावानं इतके दिवस बोटं मोडली, त्या बेलची मी दारामागं उभी राहून वाट बघत होते. हसू नका. बुधवारी शिऱ्याची वाटी घेऊन मीच वर गेले आणि कान पकडले.

"तुमचं काही चुकलं नाही मॅडम," काका म्हणाले. "तसंच असते ते. बाप गेला तेव्हा दादा नववीत होते. शाळा सोडून कापसाच्या जिनिंगमध्ये गठ्ठे उचलले. मी शिकलो, साहेब झालो, इकडं आलो. दर दिवाळीला दादा फोनवर विचारतात, 'बाबू, तुझं जयपूर कधी दाखवतो?' मी म्हणतो, बदली होऊ द्या. मग म्हटलं, फ्लॅट होऊ द्या. मग रिटायर होऊ द्या." ते चष्मा पुसत राहिले. "आता त्यांचे गुडघे गेले. तीन जिने कसे चढतील? अन् मी कोणत्या तोंडानं बोलवू?"

 मी पडले मास्तरीण. "कारण पुरेसं नाही," मी म्हटलं. "क्लेम नामंजूर. लावा फोन!"

पंधरा दिवसांनी सकाळी जिन्यात आवाज आला, "माह्यावर भार टाका दादा. पूर्ण टाका ना, मी काय मोडतो का?" मी दार उघडलं. एक पांढऱ्या केसांचे, चांगले आडवे गृहस्थ काकांच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी चढत होते. काका ओझ्यानं वाकले होते आणि तोंडभर हसत होते.

मी दोघांना आत घेतलं. दादा सोफ्यावर टेकले, पाणी प्याले. "हा असाच, बाई," मला म्हणाले. "आंब्यावर चढाले माह्या पाठीवर पाय द्यायचा, अन् वर गेला की मले विसरायचा."

"कैऱ्या फेकत होतो ना खाली!"

"हो. अर्ध्या खाल्लेल्या."

काकांनी गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता. टेबलावरच्या फोनमध्ये दोन्ही चौकोन शेजारी शेजारी उभे. दादांनी वाकून निरखून पाहिलं.

"अन् हा जाड्या कोन रे?"

काका माझ्याकडे बघेनात. "आहे आपल्या ओळखीचा एक," असं म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला आणि दादांचा हात पुन्हा आपल्या खांद्यावर घेतला. "चला दादा. एकच जिना राहिला."