पाच अंबरं आणि एक पृथ्वी

कापडाच्या बाबतीत आपला हात धरणारा कोणी नाही, असं शिंपीभाऊजींचं मत होतं. गिऱ्हाइकांचं मत वेगळं होतं, पण त्यांना विचारतो कोण?

त्यांच्या वहिनी शाळेत भूगोल शिकवायच्या. नोकरी अजून कच्ची. तपासनीस येऊन पाठ बघणार, पसंत पडला तरच कायम करणार. वातावरणाचे थर कापडाने दाखवावेत म्हणून वहिनींनी दिराला फोन लावला.

“भाऊजी, पाच अंबरं हवीत. एकावर एक नीट बसली पाहिजेत. सगळ्यात आत तपांबर.”

“माप कुणाचं?”

“पृथ्वीचं. आणखी कुणाचं?”

अंबर म्हणजे वस्त्र, हे शिंप्याला वेगळं सांगायला नको. पृथ्वी नावाची ही मुलगी जाड की बारीक, एवढं मात्र विचारायचं राहिलं. भाऊजींनी सरळ स्वतःच्या मापाने शिवलं.

तपासणीच्या दिवशी भाऊजी स्वतः गाठोडं घेऊन शाळेत आले. वहिनींनी ते वर्गात सोडलं. पाच झगे निघाले. कॉलर, बटणं, स्थितांबराला तर खिसासुद्धा.

“भाऊजी, मला आकाशाच्या पट्ट्या हव्या होत्या.”

“मग तसं सांगायचं. खिसा तरी लावला नसता.”

व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. भाऊजी कपाटामागे पळाले आणि पाचही झगे एकावर एक चढवून पृथ्वी झाले. तपांबर अंगाबरोबर बेतलेलं. सदरा-विजार उतरवल्याशिवाय चढेना. वहिनींनी प्रत्येक झग्याच्या कॉलरला माहितीची चिठ्ठी टाचली.

तपासनीस बसले. “एकेक थर उतरवा आणि त्याचं काम सांगा.”

वहिनी पहिल्याच थराचं नाव विसरल्या. मग पृथ्वीच कॉलरवरच्या चिठ्ठ्या वाचत बोलू लागली.

“बाह्यांबर. याच्यापुढे अवकाश.” झगा उतरला. “आयनांबर. रेडिओच्या लहरी परत पाठवतं.” दुसरा उतरला. “मध्यांबर. उल्का इथे जळतात.” तिसरा. “स्थितांबर. यातला ओझोन उन्हातले घातक किरण अडवतो.”

“खिसा कशाला?”

“ओझोन ठेवायला.”

तपासनिसांनी काहीतरी लिहिलं. “आता तपांबर.”

वहिनींची नजर कपाटाकडे गेली. कडीला सदरा लटकत होता. शेजारी विजार. त्या घाईने पुढे आल्या.

“साहेब, यात हवा, ढग, पाऊस, सगळं असतं. हे उतरवायचं नसतं.”

“का? उतरवलं तर काय राहील?”

तपासनिसांचं पेन कागदावर टेकलेलं.

“दिगंबर,” पृथ्वी हळूच म्हणाली.

तपासनिसांनी चष्मा पुसला, कडीवरची विजार नीट पाहिली आणि वही मिटली.

वहिनी कायम झाल्या. शेरा एकाच ओळीचा: ‘बाईंपेक्षा पृथ्वीला विषय जास्त कळतो, पुढच्या वर्षी हीच पृथ्वी हजर ठेवावी.’

भाऊजींनी त्याच दिवशी तपांबर उसवायला घेतलं. आत विजारीपुरती जागा करायची होती.